फोल्डरमधल्या फाइल्सची मांडणी आणि क्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं विंडोज १० आणि ११ मधल्या फाइल एक्सप्लोररबद्दल आहेत. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटी दोन प्रश्न घेतले आहेत. मेनू आणि बटणांची नावं इंग्रजी विंडोजमध्ये जशी वाचायला मिळतात तशीच देवनागरीत दिली आहेत, म्हणजे स्क्रीनवर शोधायला सोपं जाईल.

व्ह्यू, सॉर्ट आणि ग्रुप या तीन गोष्टी वेगळ्या आहेत का?

हो, आणि निम्मे गोंधळ इथेच होतात. व्ह्यू म्हणजे फाइल कशी दिसावी: मोठं चित्र, नुसतं नाव की तपशिलांचा तक्ता. सॉर्ट म्हणजे कोण आधी, कोण नंतर. ग्रुप म्हणजे मधे मथळे टाकून गठ्ठे पाडणं: 'टुडे', 'लास्ट वीक', 'अर्लियर धिस इयर' वगैरे. ग्रुप चालू असताना सॉर्ट फक्त प्रत्येक गठ्ठ्याच्या आत लागू होतो. त्यामुळे "नावाने सॉर्ट केलं तरी अ नंतर ज्ञ आणि मग पुन्हा अ येतो" अशी तक्रार असेल, तर आधी ग्रुप बंद करा: मोकळ्या जागेवर राइट-क्लिक, 'ग्रुप बाय', 'नन'.

व्ह्यू पटकन बदलायचा तर?

कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरा आणि वरच्या ओळीतला १ ते ८ पैकी आकडा दाबा. १ ला सर्वांत मोठी चित्रं, २ ला मोठी, ३ ला मध्यम, ४ ला लहान, ५ ला लिस्ट, ६ ला डीटेल्स, ७ ला टाइल्स आणि ८ ला कंटेंट. रोजच्या वापरात २ आणि ६ एवढे लक्षात ठेवले तरी भागतं. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं तरी हेच टप्पे एकामागून एक येतात. फोल्डर अचानक "बिघडला" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा चाक नकळत फिरलेलं असतं.

मी एका फोल्डरमध्ये डीटेल्स व्ह्यू लावला. बाकीचे फोल्डर अजून चित्रंच का दाखवतात?

कारण विंडोज प्रत्येक फोल्डरला पाचपैकी एका साच्यात बसवतं: जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. प्रत्येक साच्याचा व्ह्यू वेगळा, कॉलम वेगळे, सॉर्टही वेगळा. आत काय आहे ते पाहून साचा विंडोज स्वतःच ठरवतं. फोटोंची भर जास्त दिसली की पिक्चर्स, गाणी दिसली की म्युझिक. शेजारशेजारचे दोन फोल्डर म्हणूनच दोन तऱ्हेचे दिसतात, आणि हिशेबाच्या फोल्डरमध्ये स्कॅन केलेल्या पावत्या टाकल्या की एके दिवशी तो फोटो अल्बमसारखा उघडतो.

कुठला साचा लागला आहे ते पाहायला फोल्डरवर राइट-क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'कस्टमाइझ' टॅबवर जा. 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' या यादीत चालू साचा निवडलेला दिसेल. तो तिथेच बदलता येतो. खालच्या 'ऑल्सो अप्लाय धिस टेम्प्लेट टू ऑल सबफोल्डर्स' या चौकोनावर टिक केली, की आतल्या सगळ्या उपफोल्डरांनाही तोच साचा लागतो. इथे साचा बदलतो, तुम्ही लावलेले कॉलम आणि क्रम नव्हे. ते पुढच्या उत्तरात.

मग सगळ्या फोल्डरांना एकच मांडणी कशी द्यायची?

या क्रमाने करा:

१. जनरल आयटम्स साच्यातला एखादा फोल्डर उघडा. त्यात व्ह्यू, कॉलम, त्यांची रुंदी, सॉर्ट आणि ग्रुप हवे तसे लावा. ग्रुपकडे विशेष लक्ष द्या, कारण तोही सोबत जातो.

२. विंडोज ११ मध्ये वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स' निवडा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबच्या उजव्या टोकाला 'ऑप्शन्स' आहे.

३. उघडलेल्या चौकटीत 'व्ह्यू' टॅब, मग 'अप्लाय टू फोल्डर्स', मग 'येस', मग 'ओके'.

४. आता डॉक्युमेंट्स साच्यातला एक फोल्डर उघडून तेच पुन्हा. मग पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज.

चौथी पायरी लोक गाळतात. 'अप्लाय टू फोल्डर्स' हे बटण सगळ्या फोल्डरांना लागू होत नाही, फक्त समोर उघडा असलेला फोल्डर ज्या साच्यातला आहे त्या साच्यातल्या फोल्डरांना लागू होतं. बटणाच्या नावावरून हे अजिबात कळत नाही, तेव्हा दोष तुमचा नाही.

ज्या फोल्डरांत तुम्ही पूर्वी हाताने काही खास लावलं होतं, तेही याच साच्यातले असतील तर त्यांची खास मांडणी पुसली जाते. म्हणून आधी सर्वसाधारण मांडणी लावून घ्या, अपवाद नंतर हाताने करा. त्याच टॅबवरचं 'रीसेट फोल्डर्स' उलटं काम करतं: त्या साच्याला विंडोजची मूळ मांडणी परत देतं.

डाउनलोड्स फोल्डर मात्र ऐकत नाही. तारखांचे मथळे जातच नाहीत.

डाउनलोड्सला विंडोज वेगळी वागणूक देतं. २०१९ साली आलेल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून तो आपोआप 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे गठ्ठे पाडून उघडतो. दुसऱ्या फोल्डरात 'अप्लाय टू फोल्डर्स' केल्याने त्याच्यात फरक पडत नाही. डाउनलोड्स स्वतः उघडा, 'ग्रुप बाय'मध्ये 'नन' निवडा, सॉर्ट लावा, आणि तिथूनच 'अप्लाय टू फोल्डर्स' करा.

साचा मी बदलला तरी नवे फोल्डर विंडोज मनानेच पिक्चर्समध्ये टाकतं. हे कायमचं थांबवता येतं का?

येतं, पण त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे नोंदवतं त्या आतल्या नोंदवहीत, जावं लागतं. रजिस्ट्रीची सवय नसेल तर हा भाग सोडून द्या. पाच साच्यांना एकच मांडणी दिली की त्रास बराच कमी झालेला असतो.

विंडोज बटण आणि आर दाबून 'रेजएडिट' उघडा. डावीकडे करंट यूझरच्या झाडात सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, पुन्हा सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल असे उतरत जा. शेलच्या आत 'बॅग्ज', त्यात 'ऑलफोल्डर्स', त्यात आणखी एक 'शेल' लागतं. शेवटची दोन नसतील तर 'न्यू', 'की' करून तयार करा. सगळ्यांत आतल्या शेलमध्ये 'फोल्डरटाइप' नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू करा आणि तिची किंमत 'नॉटस्पेसिफाइड' द्या. ऑलफोल्डर्स, फोल्डरटाइप आणि नॉटस्पेसिफाइड ही तिन्ही नावं इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करायची आहेत. जागा सुटली तर चूक दाखवली जात नाही, नुसतं काम होत नाही. नंतर साइन आउट करून परत या.

यापुढे जे फोल्डर तुम्ही हाताने साच्यात टाकलेले नाहीत, ते सगळे जनरल आयटम्स समजले जातात. आधी उघडून झालेल्या फोल्डरांची जुनी आठवण मात्र तशीच राहते. ती पुसायची पद्धत पुढे आहे.

लावलेली मांडणी विंडोज अधूनमधून विसरतं. का?

विंडोज मांडणी फोल्डरच्या आत ठेवत नाही, तुमच्या यूझर खात्याच्या रजिस्ट्रीत त्या फोल्डरच्या वाटेसकट नोंदवतं. वाट बदलली की ओळख गेली. फोल्डरचं नाव बदललं, तो दुसरीकडे हलवला, पेन ड्राइव्हला आज वेगळं अक्षर मिळालं: विंडोजच्या लेखी तो नवा फोल्डर. डावीकडच्या यादीतून उघडलेला 'डॉक्युमेंट्स' आणि सी ड्राइव्हमधून खात्याच्या नावावरून उतरत उघडलेला तोच 'डॉक्युमेंट्स' यांच्याही नोंदी वेगळ्या असू शकतात. हाच फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तर मांडणी सोबत जात नाही.

शिवाय नोंदींना मर्यादा आहे, साधारण ५००० फोल्डरांची. ती भरली की जुन्या नोंदी जातात.

सगळंच विस्कटलंय. पाटी कोरी कशी करू?

वर सांगितलेल्या पहिल्या शेलपर्यंत जा. तिथे 'बॅग्ज' आणि 'बॅगएमआरयू' अशा दोन की दिसतील. आधी शेलवर राइट-क्लिक करून 'एक्सपोर्ट'ने प्रत काढून ठेवा. मग त्या दोन्ही की पुसा आणि टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर 'रीस्टार्ट' करा. फाइल्सना धक्का लागत नाही, फक्त मांडणीच्या आठवणी जातात. फोल्डरटाइपची युक्ती करणार असाल तर ती या सफाईनंतर करा, कारण ती नोंद बॅग्जच्याच पोटात असते.

हवा तो कॉलम कसा आणायचा?

डीटेल्स व्ह्यूमध्ये कॉलमच्या मथळ्यावर राइट-क्लिक करा. नेहमीचे कॉलम तिथेच दिसतात. 'मोअर' केलं तर शेकडोंची यादी उघडते: फोटोची लांबी-रुंदी, गाण्याचा बिटरेट, व्हिडिओचा कालावधी, डॉक्युमेंटची पानं. मथळा ओढून कॉलम पुढेमागे करता येतो. नावं अर्धवट कापलेली दिसत असतील तर दोन मथळ्यांमधल्या रेषेवर डबल-क्लिक करा. सगळे कॉलम एकदम नीट करायला कंट्रोल दाबून नंबरपॅडवरचं अधिक चिन्ह दाबा.

फोल्डरमध्ये ८० फाइल्स होत्या, आता ६ च दिसतात. पुसल्या गेल्या का?

बहुधा नाही. डीटेल्स व्ह्यूमध्ये मथळ्याच्या उजव्या कडेला माउस नेला की एक छोटा बाण उगवतो. त्यावर चुकून क्लिक झालं की तारखा, प्रकार किंवा अक्षरांचे गट निवडायची यादी उघडते, आणि त्यात एखादी टिक लागली की बाकीच्या फाइल्स लपतात. ओळखायची खूण: गाळणी चालू असलेल्या मथळ्यावर बाणाच्या जागी बरोबरची खूण दिसते. तिच्यावर क्लिक करून सगळ्या टिका काढा. फोल्डरमधून बाहेर पडून परत आलात तरी गाळणी सुटते.

तरीही फाइल्स नसतील तर गठ्ठा मिटलेला आहे का पाहा. ग्रुपच्या मथळ्यावर क्लिक झालं की तो गठ्ठा बंद होतो आणि फक्त मथळा उरतो.

तारखेने लावलं तरी क्रम चुकीचा येतो. कुठली तारीख खरी?

सगळ्याच खऱ्या, पण अर्थ वेगळे. 'डेट मॉडिफाइड' म्हणजे फाइलचा मजकूर शेवटचा कधी बदलला. 'डेट क्रिएटेड' म्हणजे ही प्रत या जागी कधी तयार झाली. म्हणून तीन वर्षांपूर्वीची फाइल आज कॉपी केली तर क्रिएटेड आजची आणि मॉडिफाइड तीन वर्षांपूर्वीची दिसते. फाइल जन्माआधीच बदलली गेली असं वाटायला लावणारा हा प्रकार बिघाड नाही. जुन्या ड्राइव्हवरून सगळं नव्या ड्राइव्हवर आणलं असेल तर क्रिएटेडवर सॉर्ट करण्यात काही अर्थ उरत नाही, कारण सगळ्या तारखा कॉपी केल्याच्या दिवसाच्या होतात. 'डेट ॲक्सेस्ड'वर तर विसंबूच नका. विंडोज ती दर वेळी ताजी करत नाही.

फोल्डरची मॉडिफाइड तारीख आणखी फसवते. थेट त्या फोल्डरात काही आलं, गेलं किंवा कशाचं नाव बदललं तरच ती हलते. दोन पातळ्या खाली एखाद्या फाइलमध्ये दिवसभर काम केलं तरी वरच्या फोल्डरची तारीख जागची हलत नाही. "नुकतं काम केलेला फोल्डर वर यावा" म्हणून तारखेने लावणाऱ्यांची निराशा यामुळेच होते.

फोटो काढलेल्या क्रमाने लावायचे आहेत.

'डेट टेकन' कॉलम आणा आणि त्यावर सॉर्ट करा. ही तारीख कॅमेरा फोटोच्या पोटात लिहितो, त्यामुळे कॉपी केल्याने बदलत नाही. मेसेजिंग ॲपमधून आलेल्या फोटोंमध्ये आणि स्क्रीनशॉटमध्ये ती बहुतेक वेळा नसते, आणि असे सगळे फोटो एका टोकाला जमा होतात. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करताना घड्याळं जुळत नसतील तरी क्रम फसेल. तो फरक इथे सुधारता येत नाही, फोटोतली वेळ बदलणारा प्रोग्रॅम लागतो.

'पान १' नंतर 'पान १०' आणि मग 'पान २' असं का येतं?

विंडोज एक्सप्लोररमध्ये तसं येऊ नये. विंडोज एक्सपीपासून एक्सप्लोरर नावातले आकडे संख्या म्हणून वाचतो, म्हणजे १, २, १०. उलटं दिसत असेल तर फाइल्स बहुधा दुसरीकडे पाहताय: टीव्ही, गाडीतला प्लेअर, झिपचा एखादा प्रोग्रॅम, वेबसाइटची यादी. यांतले अनेक नाव अक्षर-अक्षर तपासतात, आणि मग १० मधला १ हा २ च्या आधी लागतो. कार्यालयातल्या संगणकावर प्रशासकाने 'टर्न ऑफ न्यूमेरिकल सॉर्टिंग इन फाइल एक्सप्लोरर' ही पॉलिसी चालू केली असेल, तर एक्सप्लोररही असाच वागतो.

कुठेही न फसणारा उपाय म्हणजे पुढे शून्य. ९९ पर्यंत फाइल्स असतील तर दोन अंकी (०१, ०२), ९९९ पर्यंत तीन अंकी (००१, ००२). तारीख नावात घालायची तर वर्ष आधी: २०२४-०३-०९. '९-३-२०२४' असं लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या नऊ तारखा एकत्र येतात. नावातले अंकही एकाच लिपीतले ठेवा. काही फाइल्सना देवनागरी आणि काहींना इंग्रजी अंक दिले तर क्रमाचा भरवसा नाही. देवनागरी आणि रोमन नावं एकाच फोल्डरात असतील तर विंडोज रोमन आधी आणि देवनागरी नंतर लावतं.

शेकडो नावं हाताने बदलायची नसतील तर फाइल्स निवडून एफ२ दाबा, एक नाव टाइप करा आणि एंटर करा. सगळ्यांना तेच नाव आणि कंसात क्रमांक मिळतो. मोजणी जिच्यावर नाव टाइप करायची चौकट उघडते त्या फाइलपासून सुरू होते, म्हणून ती पहिलीच फाइल आहे ना ते आधी पाहा. एफ२ पुढे शून्य मात्र लावत नाही. शून्यं हवी असतील तर मायक्रोसॉफ्टच्याच मोफत पॉवरटॉइजमधलं पॉवररीनेम वापरा. फसलं तर लगेच कंट्रोल आणि झेड.

फाइल्स ओढून मला हव्या त्या क्रमाने ठेवता येतील का?

विंडोजच्या फोल्डरमध्ये नाही. विंडोज ७ पासून ही सोय फक्त डेस्कटॉपवर उरली आहे. नावापुढे आकडा लावणं हाच मार्ग. आकडे १०, २०, ३० असे सोडून द्या, म्हणजे पुढे मधे एखादी फाइल घुसवायची वेळ आली तर २५ देता येतो.

दोन निकषांवर सॉर्ट होतो का? आधी प्रकार, मग तारीख?

होतो. डीटेल्समध्ये 'टाइप'च्या मथळ्यावर क्लिक करा, मग शिफ्ट दाबून 'डेट मॉडिफाइड'वर.

साइझने लावल्यावर मोठे फोल्डर वर का येत नाहीत?

एक्सप्लोरर फोल्डरचा आकार मोजतच नाही, तो रकाना रिकामा असतो. मोजायचा तर आतली प्रत्येक फाइल चाळावी लागते. एकाच फोल्डरचा आकार हवा असेल तर 'प्रॉपर्टीज' पुरे. कुठला फोल्डर जागा खातोय हे शोधायचं असेल तर डिस्कची जागा मोजणारा वेगळा प्रोग्रॅम घ्या.

नवी फाइल पेस्ट केली की ती यादीच्या तळाशी जाते.

एफ५ दाबा. उघड्या खिडकीत नवी आलेली फाइल आधी शेवटी चिकटते आणि रिफ्रेश झाल्यावर आपल्या जागी जाते.

एक फोल्डर उघडायला फार वेळ लागतो.

साचा तपासा. हजारो फाइल्सचा फोल्डर पिक्चर्स किंवा व्हिडिओज साच्यात असला, की लघुचित्रं आणि 'डेट टेकन', 'लेंथ' यांसारख्या कॉलमांसाठी एक्सप्लोरर एकेक फाइल उघडून वाचत बसतो. अशा कॉलमवर सॉर्ट असेल तर सगळ्या वाचून होईपर्यंत क्रमही लागत नाही. साचा जनरल आयटम्स करा, नको ते कॉलम काढा आणि सॉर्ट नावावर किंवा मॉडिफाइडवर ठेवा. फरक लगेच जाणवतो.

विंडोज ११ मध्ये ओळींमध्ये फार जागा सुटते.

'व्ह्यू' मेनूत तळाशी 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' आहे. त्याच मेनूतल्या 'शो'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ही चालू करून टाका. एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, लपलेलं असलं की एकाच नावाची वर्ड फाइल आणि तिची पीडीएफ शेजारी बसतात आणि चुकीची पाठवली जाते.

मॅकवर हे कसं करायचं?

फाइंडरमध्ये कमांड आणि १ ते ४ ने आयकॉन, लिस्ट, कॉलम आणि गॅलरी हे व्ह्यू येतात. फोल्डर उघडून कमांड-जे दाबलं की त्याचे पर्याय दिसतात. हवं ते लावून 'यूज ॲज डीफॉल्ट्स' दाबा. ज्या फोल्डरांची मांडणी आधी हाताने बदलली आहे ते मात्र आपलंच खरं करतात, कारण मॅक मांडणी प्रत्येक फोल्डरात 'डीएस स्टोअर' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये ठेवतो. पेन ड्राइव्ह विंडोजला लावल्यावर दिसणारी ती अनोळखी फाइल हीच. पुसली तरी डेटा जात नाही.

फोल्डर वर आणि फाइल्स खाली हव्या असतील तर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली 'कीप फोल्डर्स ऑन टॉप' आहे. ही सोय २०१६ च्या सिएरा या मॅक आवृत्तीपासून मिळते. लिस्ट व्ह्यूच्या पर्यायांत 'कॅल्क्युलेट ऑल साइझेस' चालू केलं तर फोल्डरांचे आकारही दिसतात, थोडा वेळ घेऊन. आणि विंडोजने काढून घेतलेली ती सोय इथे शाबूत आहे: आयकॉन व्ह्यूमध्ये सॉर्ट 'नन' ठेवला की फाइल ओढाल तिथे राहते.

आणि लिनक्सवर?

केडीई डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये सगळ्या फोल्डरांना एकच मांडणी द्यायची की प्रत्येकाची वेगळी लक्षात ठेवायची, हे सेटिंग्जमध्ये सरळ विचारलेलं आहे. आकडे संख्या म्हणून वाचायचे की अक्षरं म्हणून, तेही तिथेच निवडता येतं. ग्नोम डेस्कटॉपच्या 'फाइल्स' या फाइल मॅनेजरमध्ये पर्याय मोजके आहेत. फोल्डर आधी हवे असतील तर प्रेफरन्सेसमध्ये 'सॉर्ट फोल्डर्स बिफोर फाइल्स' चालू करा.